ऑटोफॅजी अडवायची म्हणजे पेशीची मोरीच तुंबवायची?

रात्रपाळी: काल एका महाशयांनी लिहिलं, "जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ चं नोबेल पेशीच्या साफसफाईवर, म्हणजे ऑटोफॅजीवर, मिळालं आणि औषधवाले तीच बंद पाडणारे रेणू शोधतायत. शुद्ध वेडेपणा." सोडून देणार होतो, झोप येईना. अहो, गाठीतली पेशी उपाशी असते. स्वतःचेच भाग मोडून खाते आणि केमोतून तगते. तिचा तो डबा काढून घ्यायचा. यूएलके१, व्हीपीएस३४ ही ऑटोफॅजी सुरू करणारी एन्झाइम्स त्यासाठीच निशाण्यावर आहेत.

उलटतपासणी: तो महाशय मीच. मेंदूचं काय? चेतापेशींत एटीजी५ (ऑटोफॅजीला लागणारं जीन) नसलं की उंदरांच्या त्या पेशी मरतात, २००६ पासून छापलेलं आहे.

रात्रपाळी: तिथे जीन कायमचं गायब. औषध थांबवता येतं.

उलटतपासणी: पूर्ण वाढ झालेल्या उंदरांतही एटीजी७ हे तसलंच जीन काढून पाहिलंय, २०१४ साली. आधी गाठ आटली, दोन-तीन महिन्यांत उंदीर गेले.

ब्लॉटग्रस्त: मुळात मोजता कसं? एलसी३-२ (ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणारं प्रथिन) चा जेलवरचा पट्टा जाड दिसला की "ऑटोफॅजी वाढली" म्हणून मोकळे. अरे, कचरागाडी बंद पडली तरी ढीग वाढतोच! बॅफिलोमायसिन (कचऱ्याचं शेवटचं पचन अडवणारं रसायन) घालून आणि न घालून, दोन्ही पट्टे शेजारी हवेत. गाइडनी "जेल वाया जाते" म्हणून ती रांग काढायला लावली. रिव्ह्यूअरनं नेमकी तीच मागितली. दीड वर्ष गेलं माझं.

तिखटमीठ: आणि ऑटोफॅजी अडवायला वापरतात ते ३-मिथाइलअॅडेनिन? भरमसाट, मिलिमोलरमध्ये ओतायचं, वर्ग १ चं पीआय३ कायनेज हे दुसरंच एन्झाइमही अडवायचं, वर म्हणायचं "स्पेसिफिक इनहिबिटर".

ब्लॉटग्रस्त: हे आमच्या गाइडना सांगून दाखवा.

माईची लेक: धागा औषधांचा होता ना? आई संधिवातासाठी सहा वर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतेय, तेही ऑटोफॅजी अडवतंच ना. डोळे तपासून घेतो, बाकी ठणठणीत. कुठे मेला मेंदू?

उलटतपासणी: ताई, ते शेवटच्या टप्प्याला, लायसोसोमपाशी (कचरा पचवणाऱ्या पिशवीपाशी) अडवतं, तेही अर्धवट. म्हणून तर स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत देऊनही वर्षभरानंतर जिवंत राहणारे वाढले नाहीत. २०१९ ची चाचणी.

रात्रपाळी: त्याच चाचणीत गाठ आटण्याचा प्रतिसाद या औषधासह ३८, नुसत्या केमोनं २१ टक्के होता. ते बरं गाळलंत!

उलटतपासणी: गाठी आटल्या, आयुष्य तेवढंच. पेढे वाटू?

रात्रपाळी: बरं बाबा, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या जिवावर भागत नाही, मान्य. झालं समाधान? पण एमईके (पेशीला वाढीचा निरोप पोचवणारं एन्झाइम) अडवलं की केआरएएसवाल्या, म्हणजे त्या जीनमध्ये बिघाड असलेल्या कॅन्सरच्या, पेशी ऑटोफॅजीवर आणखी विसंबतात. म्हणून आता दोन्ही जोडीनं देऊन पाहतायत.

ब्लॉटग्रस्त: हे ज्या पेपरात दाखवलंय, त्यात बॅफिलोमायसिनची रांग आहे का?