अंतराळात बंदूक झाडली तर गोळी कुठे जाते?

गोफणवाला: भाचा काल जेवताना मागेच लागला, की वर हवाच नाही तर काडतूस पेटणार कसं? आणि पेटलंच तर गोळी कायम सरळ जात राहणार का? मी ठोकून दिलं की हो, सरळच जाणार. आता धाकधूक होतेय, कुणीतरी नीट सांगा.

वर्गातला_शेवटचा_बाक: पेटतं की, बाहेरची हवा लागतच नाही. जुन्या काळ्या दारूत सोरा असायचा तो त्यासाठीच, आताच्या दारूतही ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. खरी गंमत झटक्याची. ८ ग्रॅमची गोळी ७०० मीटर प्रति सेकंदाने सुटली आणि सूटसकट माणूस २०० किलोचा धरला तर तो सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटरने मागे सरकणार, पण थांबवणार कोण त्याला? आणि बंदूक खांद्याला लावून मारली तर सरकता सरकता गोल गोल फिरायला पण लागणार.

जुनाट_रेडिओ: हे खरंच करून झालंय बरं का. सोव्हिएत लोकांच्या सॅल्यूत-३ या अंतराळ स्टेशनवर तोफ बसवलेली, जानेवारी १९७५ मध्ये झाडून पण बघितली, आत माणूस नसताना, जमिनीवरून कमांड देऊन. तोफ पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा म्हणजे अख्खं स्टेशनच वळवायचं 😄

कक्षेबाहेर: पण भाच्याला सांगितलेलं "सरळ" चूक आहे हां. पृथ्वीच्या वर ४०० किलोमीटरवर फिरताना तुम्ही आधीच सेकंदाला ७.७ किलोमीटरने पळताय, गोळीचे ७०० मीटर त्यापुढे किस झाड की पत्ती. मागे मारली तर तिचा वेग कमी होतो आणि अर्धी फेरी पण न होता ती वातावरणात शिरते, पुढे मारली तर कक्षा लांबट होते आणि ती पृथ्वीभोवतीच घुमत बसते. त्याहून भारी म्हणजे क्रिकेटचा बॉल सेकंदाला ५ मीटरने थेट खाली पृथ्वीकडे फेका. खाली पडत नाही! चारेक किलोमीटर खाली जातो, पुढे निघून जातो, मग वर चढतो, मागे पडतो आणि साधारण ९२ मिनिटांनी परत तुमच्याजवळ हजर.

गोफणवाला: वाचून दाखवलं. आता विचारतोय, मामा, बाजूला फेकला तर?

कक्षेबाहेर: ४६ मिनिटांत परत. पण झेल सुटला तर दुसऱ्या बाजूने निघून जाईल, म्हणावं आणखी ४६ मिनिटं थांब.