इसेकाईतली दुय्यम पात्रं : तुम्हाला कुणी सावरलं?

इसेकाई म्हणजे आपल्या जगातला कुणी दुसऱ्याच जगात जाऊन पोचतो अशा गोष्टी. 'री:झीरो' ही तशीच एक जपानी ॲनिमे मालिका, पहिला सीझन २०१६चा. मी तो गेल्या वर्षी पाहिला, नोकरी सुटून दोन महिने झाले होते तेव्हा. अठराव्या भागात हरलेला नायक सुबारू रेमला म्हणतो, चल, सगळं सोडून पळून जाऊ. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, तरी ती नाही म्हणते आणि त्याच्यातलं चांगलं एकेक करून त्याला सांगत बसते. मी ढसाढसा रडले. दुसऱ्या सीझनमध्ये तो असाच कोलमडतो, तेव्हा समोर असतो ओटो, न खपणाऱ्या तेलापायी अडचणीत आलेला व्यापारी. तो कौतुक करत नाही, ठोसा लगावतो. मित्रासमोर कसला आव आणतोस, म्हणतो. मला तेव्हा रेम हवी होती, पण उठवलं ते ओटोसारख्याच एका मैत्रिणीने. तुमचं काय? सविस्तर लिहा.

*

'मुशोकू तेन्सेई' या दुसऱ्या इसेकाईमधली रॉक्सी, लहानग्या रुडियसची जादूची शिक्षिका. रुडियस मागच्या जन्मीच्या भीतीने घराबाहेर पडत नाही. तिला यातलं काही ठाऊक नसतं. परीक्षेसाठी गावाबाहेर जायचं म्हणून ती त्याला घोड्यावर बसवते, बस्स. कॉलेजात झालेल्या छळानंतर मी वर्षभर घरात होतो. सगळे समजवायचे. मावशीने एक दिवस हातात पिशवी दिली, "धर, मंडईत जायचंय. कांदे मला उचलत नाहीत." गेलो.

*

मी दोन मुलांचा बाप आहे, त्यामुळे मला रुडियसचा बाप पॉल सोडत नाही. रुडियसला वाटेत भेटलेला योद्धा रुइजेर्ड परका असून मुलांना जिवापाड जपतो, आणि सख्खा बाप इतक्या दिवसांनी भेटलेल्या मुलावरच ओरडतो. मीही ओरडलोय असा.

*

रेमबद्दल सगळे बोलतात, मला तिची जुळी बहीण रॅम जवळची. दोघी शिंग असणाऱ्या राक्षसकुळातल्या. रॅमचं शिंग तुटतं त्या क्षणी, कायम तिच्या छायेत राहिलेल्या रेमच्या मनात येतं, 'तुटलं एकदाचं.' मग ती आयुष्यभर त्याचं ओझं वाहते, आणि रॅम मात्र तिला कधीच दोष देत नाही. आठवीत असताना ताईचा पाय मोडला आणि खो-खोच्या संघात तिच्या जागी मला घेतलं. मला आनंद झाला होता. क्षणभरच, पण झाला होता. सामन्याच्या सकाळी कुबडी भिंतीला टेकवून माझ्या दोन्ही वेण्या तिनेच घातल्या, घट्ट, पळताना सुटू नयेत म्हणून.