चर्चा: जुन्या मालाची किंमत शून्य धरणाऱ्या बँकेच्या 'शाश्वततेवर' विश्वास ठेवायचा का?

धागालेखक:
वस्तू विकायची नाही, तिचा वापर विकायचा. मुदत संपली की परत घ्यायची, दुरुस्त करून पुन्हा द्यायची. चक्रीय अर्थव्यवस्थेतलं हे मॉडेल मला मनापासून पटतं. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाने फिलिप्सकडून दिव्यांऐवजी नुसता प्रकाश घेतला. मालकी फिलिप्सकडेच राहिली, त्यामुळे दिवे टिकाऊ करण्यात फायदा कंपनीचाच.

लहान उद्योगाचं मात्र इथेच अडतं. माल बनवायचा खर्च आज, पैसा हप्त्याहप्त्याने. म्हणजे कर्ज आलंच. तारण काय, तर ग्राहकाकडे बसवलेली यंत्रं. बँक त्यांची पाच वर्षांनंतरची किंमत शून्य धरते आणि प्रस्ताव परत येतो. पर्यावरण जपण्याच्या, म्हणजे शाश्वततेच्या, जाहिराती करणाऱ्या बँकेचं हे ढोंगच. जाहिराती बाजूला ठेवा, बँकेची परीक्षा या एका आकड्यावर घ्या.

प्रतिसाद १:
सपशेल असहमत. कर्ज मंजुरीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. पैसा ठेवीदारांचा असतो. कंपनी बुडाली तर ती यंत्रं कोणाकोणाच्या दारातून उचलून आणायची? आणि विकायची कोणाला? जुन्या मालाला बाजारच नसेल तर किंमत आणायची कुठून? याला ढोंग म्हणणं अन्याय आहे.

प्रतिसाद २:
मग जाहिरातीतही तेवढीच सावधगिरी हवी. एचएसबीसी या ब्रिटिश बँकेच्या फलकांवर एक लाख कोटी डॉलरपर्यंतचं हरित अर्थसाहाय्य आणि २० लाख झाडं होती. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना दिलेल्या पैशाचा उल्लेख नव्हता. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२२ मध्ये त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. देताना हात आखडता आणि सांगताना सढळ, याला दुसरं काय म्हणायचं?

प्रतिसाद १:
त्या जाहिरातींची बाजू मी घेणार नाही. ती चूकच. पण तिची शिक्षा कर्जाच्या निकषांना नको.

धागालेखक:
निकष सैल करा असं मी म्हणतच नाही. तारण म्हणून यंत्राकडे न बघता कराराकडे बघा. दरमहा पैसे भरणारा ग्राहक भक्कम आहे ना? मग कंपनी बुडाली तरी देखभाल दुसऱ्या कंपनीने घ्यायची, हप्ते चालू राहायचे, अशी अट करारातच घाला. यंत्र जागेवरून हलवायची वेळच येणार नाही.

प्रतिसाद १:
अशी अट असलेला करार टेबलावर आला तर मी तो पूर्ण वाचेन. आजवर एकही आला नाही.