स्विफ्ट १.३ ला हेडर बसवायचा आहे: ४-२-१ की ४-१? (बेळगाव) मदत हवी

नमस्कार मंडळी. हेडर म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच (चार सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग), पण पाइप जोडून बनवलेला; ४-१ मध्ये चारही पाइप एकदम एकात मिळतात, ४-२-१ मध्ये आधी दोन-दोन आणि मग एक. गाडी २००७ ची स्विफ्ट पेट्रोल, १२९८ सीसी, बाबांनी घेतलेली. २०२२ ला आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली, म्हणजे २०२७ ला परत पासिंग आहे. गाडी विकायची नाही.

पावसाळ्यानंतर सकाळी स्टार्ट केली की टिक टिक टिक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की बंद व्हायचा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घेतले, फरक शून्य. शेवटी हीट शील्ड काढलं. बिडाच्या मॅनिफोल्डवर दोन आणि तीन नंबरचे पाइप मिळतात तिथं केसाएवढी चीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोट लावलं की उमटेल अशी काळी काजळी. तापल्यावर बीड फुगून चीर मिटते, म्हणून आवाज जायचा. उद्यमबागेत वेल्डिंग करून घेतलं, ते दीड महिना टिकलं.

सासर गोव्यातल्या साखळीला, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून जाणं-येणं. परत येताना घाट चढायचा, चार माणसं, एसी चालू. परवा केबिनमध्ये धुराचा वास आला. मागं आई होती. तेव्हापासून लांब गाडी नेलेली नाही.

नवीन ओरिजिनल मॅनिफोल्ड इथं मिळेना. स्क्रॅपमधला तेवढाच जुना, त्याचा भरवसा काय धरायचा? म्हणून हेडरच बनवून घ्यावा म्हणतोय. आवाज वाढवायचा नाही, घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ओढ मिळाली तर हवी आहे.

एक जण ४-१ देतोय, ४२ मिमी पाइप, साधं लोखंड, वर म्हणतो कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकू. दुसरा ४-२-१ देतोय, ३८ मिमी, ३०४ स्टेनलेस स्टील, कॅट आहे तिथंच. पैसे जवळजवळ दुप्पट. काय करू? ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कुठं बसवायला सांगू?

प्रतिसाद (खानापूरकर)

दुसराच घ्या. तुमचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. त्यात १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या दोन सिलिंडरचे धक्के क्रँकच्या एकेका फेऱ्याच्या अंतरानं येतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्याचा फायदा मधल्या आरपीएमला होतो, म्हणजे तुम्हाला घाटात हवा तिथंच. ४-१ वरच्या आरपीएमला चांगला, तो रेसवाल्यांना. आणि १३०० सीसीला ४२ मिमी मोठा पडतो, वायूचा वेग मरतो आणि खालची ओढ जाते.

कॅट अजिबात काढू देऊ नका. पीयूसीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ०.५ टक्के आहे, कॅटशिवाय तिथं अडकाल, आणि २०२७ च्या पासिंगला परत तेच दुखणं.

सेन्सर कलेक्टरच्या (सगळे पाइप मिळतात ती जागा) लगेच पुढं, कॅटच्या आधी, पाइपच्या वरच्या अंगाला तिरका. खाली तोंड केलं तर सकाळचं पाणी त्यावर साचतं आणि सेन्सर जातो. फ्लँज (इंजिनला बोल्टनं बसणारी पट्टी) १० मिमी घ्या, पातळ फ्लँज तापून वाकते. आर्गन वेल्डिंगच करायला सांगा.

पण एक आधी बघा की. इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) कसे आहेत? आडवं इंजिन प्रत्येक ॲक्सिलरेटरला पुढं-मागं झुलतं. माउंट गेलेले असले तर तो सगळा हिसका मॅनिफोल्डवर येतो. नवा हेडरसुद्धा तिथंच फुटेल.

धागाकर्ता

लय उपकार झाले. आज बायकोला ब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून हलका ॲक्सिलरेटर द्यायला लावला आणि बॉनेट उघडून बघितलं. इंजिन चांगलं दोन बोटं उचलतंय, मागच्या माउंटचं रबर आरपार फाटलंय. वेल्डिंग का टिकलं नाही ते आता कळलं. आधी माउंट बदलतो, मग ४-२-१ ची ऑर्डर देतो. आता एवढंच सांगा, कॅटच्या पुढं फ्लेक्स पाइप (हिसका झेलणारा लवचिक तुकडा) टाकायचा तर किती लांबीचा घेऊ?