ऑफिसच्या कामाला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं का? माझं मत: कागद सांभाळायचे असतील तर नाही पुरत

सांवेर रोडवाला (इंदूर)

आमचं सांवेर रोडवर फ्लँज (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकत्या) आणि पाइप फिटिंगचं लहान युनिट आहे. २३ माणसं, त्यातली ९ ऑफिसात, १४ मशीनवर. आजवर सगळं फुकटात चाललं होतं. निरोप एका ॲपवर, मीटिंग दुसऱ्यावर, ड्रॉइंग ज्याने काढलं त्याच्या स्वतःच्या ईमेल खात्यात. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही.

मागच्या दिवाळीनंतर पीथमपूरच्या एका पार्टीने ६० नगांचा लॉट परत पाठवला. बोल्टची भोकं १६ मिलिमीटरची हवी होती, तुम्ही १८ ची पाडलीत, असं त्यांचं म्हणणं. १८ करायला त्यांच्याच माणसाने सांगितलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. त्याने बदललेलं ड्रॉइंगही पाठवलं होतं. पण ते ड्रॉइंग आणि त्यावरचे शेरे आमच्या ड्राफ्ट्समनच्या खात्यात होते आणि तो मुलगा जुलैमध्ये नोकरी सोडून पुण्याला गेला होता. फोन केला तर बिचारा ओशाळला. खात्यातली जागा भरली म्हणून त्याने जुन्या कामाच्या फायली काढून टाकल्या होत्या. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. खातं त्याचं, जागा त्याची, मग त्याने साफ केली.

१८ चं भोक १६ चं करता येत नाही. ६० नग भंगारात गेले.

पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत खातं ऑफिसचं असतं. माणूस गेला की ॲडमिन, म्हणजे ऑफिसची खाती सांभाळणारा, त्याचं खातं बंद करतो आणि फायली दुसऱ्याच्या नावावर करतो. माझ्या लेखी फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. समजा माणशी महिना ३०० रुपये धरले, तर ९ जणांचे वर्षाला ३२,४००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३८,२३२. माझा एक लॉट याहून महाग पडला. ज्यांची मतं वेगळी आहेत त्यांनी जरूर लिहावं, मला खरंच ऐकायचं आहे.

सियागंज किराणा

भाऊ, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. पण दोष फुकटपणाचा नाही. मुलगा जुलैमध्ये गेला तेव्हा त्याच्याकडून चार्ज कोणी घेतला? कोणीच नाही. पैसे भरले असते तरी ॲडमिन कोण असता? तुम्हीच. आणि मग त्या दिवशी फायली दुसऱ्याच्या नावावर करायचं तुम्हाला सुचलं असतं का?

आमच्याकडे ९ माणसं, तीन पिढ्यांचा घाऊक धंदा. भाव व्हॉट्सॲपवर कळतात, गाडी कुठे पोचली ते व्हॉट्सॲपवर, पण सौदा पक्का झाला की वहीत चढतो आणि संध्याकाळी टॅलीत. दर शनिवारी मुलगा टॅलीचा बॅकअप हार्ड डिस्कवर घेऊन घरी नेतो. माझ्या माहितीत विजय नगरच्या एका ऑफिसने महागडी योजना घेतली आणि आजही त्यांचा अर्धा कारभार मालकाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर चालतो. माणसांची सवय बदलली नाही तर दर महिन्याचे पैसे पाण्यात.

सांवेर रोडवाला

चार्ज घेतला नाही, ही माझी चूक. कबूल. पण काका, तुमची वही कोणाकडे असते? तुमच्याच गल्ल्यावर. ती घरी नेऊन त्यातली पानं फाडायचा हक्क तुमच्या मुनीमाला नाही. आमच्याकडे मी तो हक्क सगळ्यांना देऊन बसलो होतो. ॲडमिन विसरला तरी ऑफिसच्या खात्यातल्या फायली ऑफिसातच राहतात, आठवण झाल्यावर सापडतात. त्या मुलाच्या खात्याचं मी आज काय करू?

टर्मिनल

दादा, “फुकट” या एकाच शब्दात तुम्ही दोन अगदी वेगळ्या गोष्टी घातल्या आहेत. एक म्हणजे कंपनीने तिच्या सर्व्हरवर आखडत दिलेली जागा. त्यात ती उद्या काहीही बदलू शकते आणि बदलतेच. ऑफिसच्या निरोपांसाठीचा स्लॅक आधी शेवटचे १०,००० निरोप दाखवत असे, सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे दाखवतो, आणि २०२४ पासून एक वर्षाहून जुने निरोप फुकटच्या खात्यांतून पुसलेच जातात. कामांच्या याद्या ठेवणाऱ्या ट्रेलोने २०१९ मध्ये १० बोर्डांची (याद्यांच्या फळ्यांची) मर्यादा घातली, २०२४ मध्ये १० माणसांची. मायक्रोसॉफ्टने टीम्स या मीटिंगच्या ॲपची जुनी मोफत आवृत्ती १२ एप्रिल २०२३ ला बंद केली. अशा ठिकाणी ऑफिसचे कागद ठेवू नयेत, इथवर मी तुमच्याबरोबर आहे.

दुसरी गोष्ट मुक्त स्रोताची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची. फायली ठेवायचं नेक्स्टक्लाउड घ्या. २०१६ मध्ये ते ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. तुम्ही ते स्वतःच्या सर्व्हरवर चढवता, माणसं किती यावर पैसे नाहीत, फायली तुमच्या खोलीतल्या डिस्कवर. कंपनीला पैसे द्यायचे ते मदतीचे आणि हमीचे. झुलिप या निरोपांच्या ॲपचंही तसंच: त्यांच्या सर्व्हरवर फुकट घेतलं तर १०,००० निरोपांपर्यंतच मागे जाता येतं, आपल्या सर्व्हरवर घेतलं तर कितीही मागे जा. काकांची वही हवी असेल तर ती ही आहे. मालकी पैसे भरून येत नाही, सर्व्हर कोणाचा यावरून येते. आमच्या ऑफिसात तीन वर्षं एका साध्या मशीनवर हे व्यवस्थित चाललंय.

रात्रपाळी (ग्वाल्हेर)

टर्मिनल, तुमच्या प्रत्येक वाक्याशी मी तत्त्वतः सहमत आहे आणि तरीही सांवेर रोडवाल्यांनी हे करू नये असं कळकळीने सांगते.

मी एका शिक्षणसंस्थेत सहा वर्षं असाच सर्व्हर सांभाळला. लायसन्सचा खर्च शून्य, म्हणून संस्थेने मोठ्या कौतुकाने घेतला. यूपीएसच्या बॅटऱ्या, वाढीव डिस्क, उन्हाळ्यात त्या खोलीतला एसी, हे सगळं “किरकोळ खर्चा”त गेलं. माझ्या रात्री कुठेच लिहिल्या गेल्या नाहीत. एका मे महिन्यात डिस्क गेली. बॅकअपची स्क्रिप्ट मीच लिहिली होती. ती ११ दिवसांपूर्वीच थांबलेली होती आणि थांबल्याचं कळवायची सोय मी केली नव्हती. ११ दिवसांची ईमेल पत्रं गेली. ऐन प्रवेशाच्या हंगामात. लोक चांगले होते, कोणी ओरडलं नाही, पण मला ते आजही टोचतं.

मुक्त आवृत्ती आणि सशुल्क आवृत्ती यांच्यातली भिंत कुठे घालतात, ते नीट बघा. झिंब्रा मेल सर्व्हरच्या खुल्या आवृत्तीत पत्रं, कॅलेंडर सगळं होतं, पण तयार बॅकअपची सोय आणि मोबाइलशी सिंक या गोष्टी पैसे भरणाऱ्यांना. पुढे नववी आवृत्ती आली तेव्हा खुल्या आवृत्तीचे तयार इन्स्टॉलर देणंच बंद झालं, आणि आधीच्या ८.८.१५ आवृत्तीला कंपनीकडून मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. झुलिपमध्येसुद्धा, सर्व्हर तुमचा असला तरी, मोबाइलवरच्या सूचना ऑफिसांना फुकटात १० माणसांपर्यंतच. रोजच्या वापरात जे दिसतं ते फुकट मिळतं, अडचणीच्या दिवशी जे लागतं त्याला पैसे पडतात. ज्या युनिटमध्ये सर्व्हर समजणारा एकही माणूस नाही, तिथे तो दिवस येणारच.

टर्मिनल

ताई, ११ दिवसांचं वाचून पोटात गोळा आला. पण बॅकअप चालतोय की नाही हे बघायचं काम सशुल्क सेवेतही कोणाला तरी करावं लागतंच. सेवा देणारी कंपनी त्यांची डिस्क जाण्यापासून वाचवते, तुमच्याच माणसाने पुसलेली फाईल महिन्यानंतर परत आणून देईलच असं नाही. कपाटातली दुसरी प्रत प्रत्येकाने ठेवायचीच.

सुपर कॉरिडॉर

मी नोकरीत याच योजनांची खरेदी बघते, म्हणून एक वेगळा विरोध नोंदवते. “पैसे भरले की नोंद राहिली” हा सांवेर रोडवाल्या काकांचा विश्वास मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो.

सशुल्क म्हणजे कोणती पायरी? स्लॅकच्या पहिल्या सशुल्क पायरीवर जुने निरोप दिसतात, पण सगळा डेटा एकत्र बाहेर काढायला गेलात तर फक्त सार्वजनिक चॅनलचा (सगळ्या ऑफिसला खुल्या ग्रुपचा) निघतो. खासगी चॅनल आणि दोघांमधलं बोलणं हवं असेल तर वरची पायरी, आणि तिथेही अर्ज करावा लागतो. काका, तुमच्या ड्राफ्ट्समनचं आणि त्या पार्टीच्या माणसाचं बोलणं सार्वजनिक चॅनलवर झालं असतं का? गूगल वर्कस्पेस या ऑफिसांसाठीच्या ईमेल-फायलींच्या सेवेत पत्रं ठरावीक वर्षं राखून ठेवणारं आणि पुसलेलंही शोधून देणारं व्हॉल्ट बिझनेस प्लस या वरच्या पायरीपासून मिळतं, स्टार्टर आणि स्टँडर्डमध्ये नाही. मीटिंगचं रेकॉर्डिंग स्टँडर्डपासून. म्हणजे ३०० धरून तुम्ही जो हिशेब मांडला, तो तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टीचा नसेलच कदाचित.

आणि फुकटवाले शब्द फिरवतात म्हणताना पैसेवालेही फिरवतात हे विसरू नये. स्लॅकने २०२२ मध्ये फुकटची मर्यादा बदलली त्याच वेळी सशुल्क दरही वाढवला. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने जेमिनी हे त्यांचं एआय सगळ्या बिझनेस योजनांमध्ये घातलं आणि दर वाढवले, तुम्हाला ते हवं असो वा नसो. पाच वर्षांचे कागद त्यांच्याकडे गेल्यावर तुम्ही “नको” म्हणू शकत नाही. फुकटवाला निदान निघून जाऊ शकतो.

सांवेर रोडवाला

हे मला माहीत नव्हतं. व्हॉल्टचं तर नावही ऐकलं नव्हतं. दोन दिवस या बाजूने बघतो आणि लिहितो.

खातेवही (सीए)

कायद्याची बाजू थोडक्यात. जीएसटीचे हिशेब आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. चॅट म्हणजे हिशेबाचं पुस्तक नव्हे, हे खरं. पण ऑर्डरमधला बदल, दरातली सूट, माल परत घेतल्याचा होकार हे हल्ली चॅटवरच होतं आणि क्रेडिट नोटचं (बिलातून रक्कम वजा केल्याच्या कागदाचं) कारण विचारलं गेलं की अशिलांची धावपळ सुरू होते. ७२ महिन्यांपुढे स्लॅकचे ९० दिवस ठेवून बघा, मग मी का बोलते ते कळेल. वाद कोर्टात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र नोकरी सोडून गेलेला मुलगा देणार का?

आणि भाऊ, तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट घ्या, म्हणजे तो कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होईल. तुमचा खरा खर्च ३२,४०० धरा.

रामबाग वाचनालय

आमच्यासारख्या नोंदणीकृत संस्थांसाठी एक सांगते. गूगलची ना-नफा संस्थांसाठी योजना आहे, पडताळणी झाली की वर्कस्पेस बिनपैशाचं मिळतं आणि खाती संस्थेच्या नावाची असतात. सचिव बदलले तरी पासवर्ड मागत फिरावं लागत नाही. पाच वर्षांत तीन सचिव झाले, एकही सभेचं इतिवृत्त हरवलं नाही.

सियागंज किराणा

वाचनालयाच्या ताईंनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. फुकट आहे आणि नीट चाललंय, कारण सांभाळणारी माणसं नीट आहेत.

रात्रपाळी (ग्वाल्हेर)

काका, खाती संस्थेच्या नावाची आहेत म्हणूनही चाललंय. दोन्ही वाचा ना.

सांवेर रोडवाला

दोन दिवस बघितलं, सुपर कॉरिडॉरवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पायरीची यादी काढली. स्लॅक सोडून दिलं, कारण तिथे अर्धी माणसं फुकट आणि अर्धी पैशाची असं चालत नाही, जेवढे सक्रिय सभासद तेवढ्यांचे भरावे लागतात. पाहुणे म्हणून एका चॅनलपुरते काही जण फुकट घेता येतात, पण आमची मशीनवरची माणसं असा चॅनल उघडून बघणार नाहीत.

ठरवलं ते असं. पार्टीशी ज्यांचा संबंध येतो अशा ५ जणांची कंपनीच्या नावाने सशुल्क खाती. ड्रॉइंग, ऑर्डर, बदल फक्त तिथून. टर्मिनलदादांचं ऐकून महिन्याला एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि ती मी स्वतः उघडून बघणार, चार फायली तरी. चॅटवर कोणी बदल सांगितला तर “ईमेलवर पाठवा, तोवर मशीन सुरू होणार नाही” हे उत्तर सगळ्यांना सांगून ठेवलंय. काका, शेवटची गोष्ट तुमच्या वहीवरूनच घेतली. पण खात्यांबद्दल माझं मत तसंच आहे.

सियागंज किराणा

असू दे. वर्षाने विचारेन. आणि त्या १४ जणांना ड्रॉइंग कसं देणार?

सांवेर रोडवाला

कागदावर. कोपऱ्यात रिव्हिजन नंबर आणि तारीख छापून, जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही. फोरमनची सही.