बाळाला अंगावरचे दूध पुरते आहे, हे ओळखायचे कसे?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)

मी पहिलटकरीण असून सध्या माहेरी आहे. बाळ आज सहा दिवसांचे आहे. जन्मतः त्याचे वजन २.८ किलो होते आणि तिसऱ्या दिवशी घरी येताना ते २.६२ किलो भरले. बाळ दर दोन तासांनी पिते, मात्र दिवेलागणीनंतर बराच वेळ रडते आणि पुन्हा पुन्हा पदराखाली तोंड खुपसते. शिवाय माझी छाती परवासारखी जड लागत नाही. त्यामुळे दूध कमी पडते असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत झाले असून पावडरचा डबाही आणून ठेवला आहे. पोटात किती दूध गेले ते दिसत नाही, मग समजावे कशावरून?

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका)

ताई, रडण्यावरून अंदाज बांधू नका, लंगोट मोजा. पहिल्या चार-पाच दिवसांत जितक्या दिवसांचे बाळ, साधारण तितक्या वेळा शू, आणि त्यानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची शू व्हायला हवी. शीचा काळा चिकट रंग हिरवटावर येऊन पाचव्या दिवसापर्यंत पिवळा झाला, तर दूध पोटात जात आहे असे समजावे. तुमच्या बाळाचे वजन सुमारे साडेसहा टक्के घटले आहे. पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत घट सहसा होते. दहा टक्क्यांच्या जवळ गेल्यास मात्र डॉक्टरांनी पाहायलाच हवे. पाचव्या दिवसानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ होऊन दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत यावे. आशाताईंची सातव्या दिवसाची घरभेट उद्याच असेल, तेव्हा वजन करून घ्या.

संध्याकाळी लागोपाठ पिणे बहुतेक बाळे करतात आणि छाती हलकी वाटली म्हणून दूध आटले असे होत नाही. बाळ पिताना गिळण्याचा आवाज ऐका. तोंड मोठे उघडून केवळ बोंड नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही त्याने तोंडात घ्यायला हवा. वैद्यकीय गरज नसताना पावडर दिली, तर बाळ अंगावर कमी ओढते आणि मग दूध खरोखरच कमी होते, याची मला अधिक काळजी वाटते.

उत्तर (तासगाव)

डायपरमध्ये शू झाली की नाही ते कळत नाही. कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून त्याचे वजन हाताला एकदा ओळखीचे करून घ्यावे. मी तर महिनाभर सुती लंगोटच वापरले.

उत्तर (कऱ्हाड)

शांत बाळाविषयीही सांगणे मला आवश्यक वाटते. माझी मुलगी रडतच नसे, चार-चार तास झोपे, आणि आम्ही तिला गुणी म्हणत राहिलो. नवव्या दिवशी वजन केले तेव्हा ते घरी आणतानापेक्षाही कमी निघाले. कावीळही वाढलेली होती. पकड सुधारून आणि काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजून ती सावरली. बाळ पिण्यासाठी जागे होत नसेल, शू कमी होत असेल, तोंड कोरडे किंवा टाळू खोल गेलेली दिसत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्ती (कोरेगाव)

काकू आणि ताई, मनापासून आभार. कालपासून सात लंगोट ओले झाले, चार वेळा पिवळी शी झाली आणि आज वजन २.६८ किलो भरले. उजवीकडे पाजताना अजून दुखते. पकड तपासून घेण्यासाठी उद्या आरोग्य केंद्रात जाणार आहे.