मदत हवी आहे: ईमॅक्स २६.३ वरून २९.३ केल्यानंतर देवनागरीच्या लांब ओळींत टंकन अडखळते

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि मोडी कागदपत्रांचे देवनागरी लिप्यंतर ईमॅक्स या मजकूर-संपादकात टंकित करतो. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही आणि विरामचिन्हेही नसतात. त्यामुळे मूळ कागदावर ओळ कुठे मोडली आहे याला अर्थाच्या दृष्टीने फारसे महत्त्व उरत नाही, म्हणून मी अख्खे पत्र एकाच ओळीत ठेवतो. अशी एकेक ओळ पाच ते आठ हजार अक्षरांची होते.

उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली आणि त्यासोबतचे ईमॅक्स २६.३ यांवर हे काम विनातक्रार चालले होते. उबुंटूच्या त्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपल्यामुळे संगणक २४.०४ वर नेला, त्यासोबत ईमॅक्स २९.३ आले, आणि तेव्हापासून लांब ओळीच्या शेवटाकडे टंकताना अक्षर उमटायला अर्धा सेकंद तरी लागतो. इंग्रजी मजकुराची तेवढीच लांब ओळ मात्र सुरळीत चालते.

पहिला संशय स्वतःच्या मांडणी-फाईलवर घेतला. 'क्यू' पर्याय लावून, म्हणजे ती फाईल न वाचता, ईमॅक्स उघडले तेव्हा त्रास कमी झाला, पण गेला नाही. वेळ कुठे जातो हे मोजणारा प्रोफायलर लावल्यावर ओळ-क्रमांक दाखवणाऱ्या लिनम-मोडची फंक्शने वर दिसली. हा मोड २९.१ पासून कालबाह्य ठरवला आहे आणि मी तो आळसाने तसाच ठेवला होता. त्याजागी डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड घेतल्यावर फाईल वरखाली सरकवणे पूर्ववत झाले. टंकनाचा प्रश्न शिल्लक आहे, आणि तिथे प्रोफायलर सगळा वेळ 'रीडिस्प्ले इंटर्नल' (पडदा पुन्हा रेखाटणे) या एकाच नावाखाली दाखवतो, त्यापुढे काही सांगत नाही. वेलँड या पडदा-प्रणालीऐवजी जुन्या एक्सऑर्गमधून लॉगिन करूनही पाहिले, फरक नाही.

अक्षरे जुळवून दाखवणारा ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद केल्यावर मात्र वेग तत्काळ परत आला. अर्थात तेव्हा जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते, आणि 'श्रीमंत' हा शब्दसुद्धा ओळखू येत नाही, त्यामुळे हा उपाय नव्हे. त्यावरून एवढे दिसते की वेळ अक्षरजुळणीत जातो. २७.१ पासून ही जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, आणि माझ्या ईमॅक्समध्ये तेच आहे याची खात्री केली आहे.

२९ मध्ये लांब ओळींसाठी जी सुधारणा आली तिचा लाभ मला मिळत नसावा, कारण ती किती लांबीपासून लागू व्हावी हे ठरवणाऱ्या लाँग-लाइन-थ्रेशोल्डचे मूळ मूल्य ५०,००० आहे आणि माझ्या ओळी त्या उंबरठ्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. मूल्य ३,००० केल्यावर टंकन बरेच सुधारले. पण ही सुधारणा लागू असताना रंगवणीला (मजकुराला रंग देणाऱ्या सोयीला) फाईलचा एक तुकडाच दिसतो आणि ती चुकू शकते, असे माहितीपुस्तिका सांगते. माझी फाईल बारा लाख अक्षरांची आहे आणि वाचनाविषयी शंका असलेली अक्षरे मी रंगानेच ओळखतो.

तेव्हा विचारायचे असे की, हा उंबरठा खाली आणून कोणी देवनागरीच्या मोठ्या फाईलवर रोजचे काम करत आहे काय, आणि रंगवणीचा अनुभव कसा आहे? 'रीडिस्प्ले इंटर्नल'च्या आत नेमके काय चालले आहे हे पाहण्यासाठी लिनक्सचे पर्फ हे वेळ मोजण्याचे साधन वापरावे, तर उबुंटूच्या तयार पॅकेजावर ते भागेल, की ईमॅक्स स्वतः बांधावे लागेल? पत्रांच्या ओळी तोडण्याचा सल्ला कृपया शेवटी द्यावा, कारण ओळ-क्रमांक हाच माझ्या सूचीतील पत्राचा क्रमांक आहे.